थेंबाला शिवलो नाही

गेटवरच्या यंत्राने टीं केलं तेव्हा केमिस्टने आधी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. दुपारच्या पाळीची माणसं आत गेली होती, भिंतीच्या सावलीत एक कुत्रं अंग टाकून पडलं होतं आणि पेंढ्याचे गठ्ठे लादलेले दोन ट्रक वजनकाट्यासाठी रांगेत होते. म्हणजे यंत्र बोललं ते त्यालाच. कारखान्यात त्याला सगळे केमिस्टच म्हणत. पगाराच्या कागदावर त्याचं नाव होतं, पण ते तिथेच राहत असे. "पुन्हा फुंका साहेब, यंत्र बिघडलंय," गेटवाला म्हणाला. केमिस्टने पुन्हा फुंकलं. पुन्हा टीं, पुन्हा लाल दिवा. मग गेटवाल्याने नळी बदलून स्वतः फुंकून पाहिलं, तर हिरवा दिवा लागला. त्याने यंत्राकडे पाहिलं, केमिस्टकडे पाहिलं, आणि मास्तरांच्याच खिशात कॉपीची चिठ्ठी सापडावी तसा त्याचा चेहरा झाला. "साहेब, तुम्ही?" लाज वाटायला हवी होती, पण ती आली उशिरा, सावकाश. आधी आलं ते कुतूहल: हा अल्कोहोल आला कुठून? आणि कुतूहलाच्याही आधी, विचार करायच्या आत, तोंडातून वाक्य गेलं होतं, "अहो, थेंबाला शिवलो नाही." ते वाक्य कानांवर पडलं आणि तो हबकला. ते त्याचं नव्हतंच. ते वाक्य, त्यातला तो दुखावलेला सूर, शेवटाला जरासा चढलेला आवाज, सगळं बाबांचं होतं. बाबांना जाऊन इतका काळ लोटला होता की त्यांचा आवाज आपण विसरलो, अशी त्याची समजूत होती. आणि तो इथे त्याच्याच घशात बसून होता, भर दुपारी, गेटवर.

बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढत. शहराखालून जाणाऱ्या नळांचे नकाशे, कुठला नळ कुठे वळतो, कुठे दोन नळ भेटतात. सकाळी कामाला निघण्यापूर्वी ते एखाद्या जुन्या कागदाच्या पाठीवर हातानेच एक रेघ ओढत, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि म्हणत, "लाव पट्टी, बघ." पट्टी लावली की रेघ पट्टीखाली नाहीशी होई. लहानपणी त्याला वाटे की सगळ्यांच्या बाबांना हे येतं. संध्याकाळी मात्र हेच बाबा दारातून आत येताना चौकटीला खांदा घासत, चपला काढायला खाली वाकत आणि वाकलेलेच राहत, आणि आई समोर उभी राहून म्हणे, "हा करा." बाबा हा करत. आई नाक पुढे करून वास घेई, मान मागे खेचे आणि आत निघून जाई. बाबा तिच्या पाठीला सांगत, "अगं, थेंबाला शिवलो नाही." हे रोज. अगदी दूध येतं, पेपर येतो, तसं रोज. वह्या मांडून बसलेल्या मुलाला त्यात काही वावगंही वाटेनासं झालं होतं. फक्त बाबांनी इतकं ढळढळीत खोटं इतक्या खऱ्या आवाजात कसं बोलावं याचं त्याला नवल वाटे. नट व्हायला हवे होते बाबा, असं त्याने एकदा बहिणीला म्हटलं होतं आणि दोघं तोंडावर हात दाबून हसली होती.

मॅनेजरने त्याला आत घेतलं नाही. माणूस वाईट नव्हता. "तुम्हाला मी ओळखतो हो, पण नियम माझ्याही बापाचा नाही," तो म्हणाला. "घरी जा, दोन दिवस आराम करा, काय ते बघा. पुन्हा असं झालं तर माझे हात बांधलेले आहेत." केमिस्ट घरी गेला नाही. कारखान्याच्या कुंपणाबाहेर बस थांबायची तिथे एक सिमेंटचा बाक होता, त्यावर तो बसला. समोर ट्रक रिकामे होत होते. आयुष्यभर त्याने एकच काम केलं होतं: टाकीत काही भलतं झालं की ते कुठून आलं हे शोधणं. टाकी आंबट झाली तर का, फेस आला तर का, मध्येच थंडावली तर का. आता टाकीच्या जागी तो स्वतः होता, एवढाच फरक. त्याने एकेक शक्यता घेतली आणि खोडली. कारखान्यातली वाफ? पण तो घरून येत होता. खोकल्याचं औषध? खोकलाच नव्हता. दात घासायचं काही? सकाळच्या पाळीला तर दिवा रोज हिरवा लागे. मग सकाळ आणि दुपार यांत फरक काय? सकाळी तो नुसत्या चहावर निघे. आज पाळी बदलली म्हणून घरी पोटभर जेवून निघाला होता; पाव, उकडलेले बटाटे, वर वाटीभर गोड दूध. तो बाकावर ताठ बसला. जेवण आत जातं आणि काही वेळाने अल्कोहोल बाहेर येतो. याला काय म्हणतात हे त्याच्याइतकं त्या रस्त्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरीही ते मनात उच्चारायला त्याला वेळ लागला.

कारखान्याचं काम सांगायला सोपं होतं आणि करायला किचकट. शेतात जे कुणालाच नको असतं, कापणीनंतरचं काड, मक्याची ताटं, तूस, ज्याला लोक काडी लावून मोकळे होतात, ते ट्रकने इथे येई. ते दळायचं, आम्लात शिजवायचं, मग त्यावर एन्झाईम सोडायचं, म्हणजे त्या रेषारेषांत जन्मभर कोंडून राहिलेली साखर सुटी होते. काडी कितीही चघळली तरी जिभेला गोड लागत नाही, पण असते ती आत. सुटलेली साखर यीस्टला द्यायची. यीस्ट ती खातं आणि त्याचा अल्कोहोल करतं, आणि तो अल्कोहोल गाड्यांच्या टाक्यांत पेट्रोलबरोबर जातो. ही नोकरी लागली तेव्हा आईने कपाळावर हात मारून घेतला होता. "बापाने प्यायली, आता तू बनव." त्याने समजावलं होतं की ही माणसं पीत नाहीत, गाड्या पितात. "मग गाड्यांच्या बायकांचं काय होत असेल," आई म्हणाली होती, आणि त्या दिवशी ती बऱ्याच काळाने हसली होती. आता बाकावर बसल्याबसल्या त्याला टाकीतल्या खोडी आठवत होत्या. कधीकधी लगद्यात जिवाणू शिरतात आणि यीस्टच्या तोंडचा घास पळवतात, टाकी आंबून जाते. अशा वेळी काय करायचं? टाकीत जंतुनाशक औषध सोडायचं, तेच, जे माणसांना देतात. जिवाणू मरतात, यीस्टला काही होत नाही, आणि मग त्याला रान मोकळं. हे औषध मोजून टाकणं हे त्याचंच काम होतं. त्याची जीभ आपोआप मागच्या दाढेच्या रिकाम्या जागेवर गेली. जबड्यात पू झाला होता तेव्हा दंतवैद्याने कॅप्सुलांवर कॅप्सुला दिल्या होत्या, एक संपली की दुसरी, आणखी कडक. त्याने इमानेइतबारे गिळल्या. टाकीचं औषध वर्षानुवर्षं हाताने मोजणाऱ्या माणसाला तेच औषध स्वतःच्या तोंडात टाकताना एकदाही वाटलं नाही की आत कुणाला तरी रान मोकळं होत असेल! तो एकटाच मोठ्याने हसला. पलीकडे बसची वाट बघणारी बाई जरा सरकून उभी राहिली.

डॉक्टरीणबाई तरुण होती आणि तिला त्याच्यापेक्षा जास्त उत्साह आला. असं होतं, ती म्हणाली, फार क्वचित होतं, पुस्तकात वाचलं होतं, समोर आलेले तुम्ही पहिलेच. तिने त्याला दवाखान्यात बसवून साखरेचं पाणी पाजलं, नर्सची नजर त्याच्यावर ठेवली आणि थोड्या थोड्या वेळाने रक्त काढलं. कागद आले तेव्हा तिने ते वर धरून अक्षरशः नाचवले. "तुम्ही तर चालता कारखाना आहात." आतड्यातल्या यीस्टचा नमुना त्याने तिच्याकडून मागून घेतला. तो का हवा हे त्याला नीट सांगता आलं नसतं. आपल्यात कोण राहतंय ते बघावंसं वाटलं, इतकंच. प्रयोगशाळेत काम करणारी त्याची सहकारी खमकी होती. तिने नमुना वाढवला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि त्याला जागा करून दिली. गोल गोल पेशी, काहींना बाजूने इवलासा फुगवटा आलेला, त्यातून दुसरी निघू पाहणारी. रोज बघत होता तेच. पण आज त्याला उगीचच परक्याच्या घरात डोकावल्यासारखं झालं. त्याला खात्री होती की हे यीस्ट कारखान्यातलंच असणार, हातावरून, कपड्यांवरून पोटात गेलेलं. सहकारिणीने ते काडाच्या लगद्यात सोडून पाहिलं. काड शिजवताना त्यात असली काही विषं उतरतात की ऐरंगैरं यीस्ट तिथे टिकत नाही. कारखान्याचं यीस्ट त्यासाठी कसून तयार केलेलं. हे दुसऱ्या दिवशी मरून पडलं. "हे आपलं नाही सर," ती म्हणाली. "आपलं दणकट आहे. हे नाजूक, पावाबटाट्यावर वाढलेलं. घरचं आहे तुमच्या." घरचं! तो शब्द घेऊन तो बसने घरी निघाला आणि वाटेत त्याचा थांबा मागे गेला तरी उतरायचं त्याला सुचलं नाही.

कारण मग बाबा. बाबांच्या पायाच्या हाडात पू झाला होता. तो तेव्हा शाळेत नुकताच जाऊ लागला होता, पण ते इंजेक्शनांचे महिने त्याला आठवत होते. कंपाउंडर घरी यायचा, सुई उकळायचा, आणि बाबा कण्हायचं सोडून विनोद करायचे. पाय बरा झाला आणि त्यानंतर बाबा 'लागले', हा घरातला इतिहास. दुखण्यापायी सवय लागली, असं आई सांगे. कुणी तरी हितचिंतक भेटला असेल, म्हणाला असेल घ्या घोटभर, कळ थांबते. इतिहास पक्का होता, त्याला एक सोडून कसलाच पुरावा नव्हता, आणि तो एक पुरावा रोज संध्याकाळी दारात उभा राही. बाटली कधीच सापडली नाही. आईने संडासाच्या टाकीत पाहिलं, बुटांच्या आत पाहिलं, गाद्या उसवून पाहिल्या. सापडत नाही म्हटल्यावर तिची खात्री आणखीच बसली: किती पाताळयंत्री माणूस आहे बघा. तिकडे कचेरीत सकाळच्या रेघा सरळ आणि दुपारच्या वाकड्या यायला लागल्या. साहेबाने सांभाळून घेतलं, मग सांभाळून घ्यायचं थांबवलं, आणि बाबांना भांडारात बसवलं, दुसऱ्यांना पेन्सिली आणि कागद मोजून द्यायला. एकदा कावीळ झाली म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं, खाणंपिणं सगळं बंद, नुसतं सुईतून पाणी. त्या दिवसांत बाबा अगदी स्वच्छ होते, त्यांनी खाटेवर बसून त्याला घोडा काढून दिला होता. "बघ, मिळाली नाही की कसा शहाण्यासारखा वागतो," आई म्हणाली होती. बसच्या खिडकीला डोकं टेकून केमिस्ट हे एकेक बाहेर काढत होता, आणि प्रत्येक गोष्टीला उलट बाजू होती. पण नमुना कुठून आणणार? बाबांचं काहीच उरलं नव्हतं. कुठल्याही टाकीबद्दल त्याने एवढ्या पुराव्यावर सही केली नसती.

आणि एक गोष्ट तर कशातच बसत नव्हती. एका संध्याकाळी आईने नेहमीप्रमाणे वास घेतला, मान मागे खेचली, आणि बाबा म्हणाले, "हो. घेतली थोडी." बस्स, इतकंच. आई जागच्या जागी थांबली. मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती रडायला लागली, पण ते रडणं निराळं होतं, गळू फुटल्यावर बरं वाटतं तसं. तिने बाबांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं, पाय धुवायला पाणी तापवलं. घरात त्या रात्री सगळे एकमेकांशी इतके मऊ बोलत होते की बहीण उगीचच दोनदा हसली. त्यालाही सुटल्यासारखं वाटलं होतं; बाबा शेवटी खरं बोलले. तेव्हापासून दारातला संवाद बदलला. "घेतली?" "घेतली." "बरं. हातपाय धुवा." कुठे घेता, असं विचारल्यावर बाबांनी जागाही सांगून टाकली, बसडेपोच्या मागचा गुत्ता. आई एकदा पदर डोक्यावर ओढून तिथे गेली होती, ह्यांना देत जाऊ नका म्हणून हात जोडायला. गुत्तेवाला म्हणाला, बाई, असा कुणी माणूस इथे येतच नाही. गिऱ्हाईकाला पाठीशी घालतोय मेला, असं म्हणत ती परत आली. पुढे तिने या सगळ्यावर एक मोठं मन उभं केलं. अजून आसपासच्या बायका तिच्याकडे येतात, ज्यांचे नवरे पितात त्या. ती त्यांना शेंगा सोलता सोलता सांगते की कबूल करणारा माणूस निम्मा बरा झालेला असतो, रोज माफ करायचं, सवय होते. तिच्या म्हातारपणाला त्यामुळे मान होता, कणा होता. हे सगळं केमिस्टच्या बायकोनेच त्याला बोलून दाखवलं. "आईंना सांगू नका अहो," ती म्हणाली. "नोकरीचं मिटलं ना? डॉक्टरांचा कागद दिलात, साहेबांनी मानलं. आता औषध घ्या आणि मोकळे व्हा. त्यांचं सगळं आयुष्य कशाला उकरून काढता? आणि वर तुमची खात्री तरी आहे?" खात्री नव्हती. तेच तर त्याला झोपू देत नव्हतं. बाबा खरं बोलत होते की खोटं, आणि खरं बोलत असतील तर मग खोटं का बोलले, हे त्याला कळायला हवं होतं, बाकी सगळ्या माणसांचं सगळं कळलं नाही तरी चालेल.

औषध सोमवारपासून सुरू व्हायचं होतं. यीस्ट मारणाऱ्या गोळ्या, आणि पाव, बटाटा, साखर बंद. म्हणजे रविवार हा शेवटचा दिवस. त्यानंतर टाकी रिकामी, धुऊन पुसून. बायको तिच्या बहिणीकडे गेली होती. आई पुढच्या दाराशी तिच्या खुर्चीत शेंगांची परडी घेऊन बसली होती, सकाळपासून तिथेच. गेटवाल्याकडून उसनं आणलेलं जुनं यंत्र त्याने खिशात ठेवलं ("साहेब, घरी कशाला, इथे रोज फुंकताच की") आणि स्वयंपाकघरात बसून बाबांचं जेवण जेवला: पावाच्या जाड चकत्या, उकडलेले बटाटे, मीठ, गोड दूध. बाबा हेच डब्यात नेत. मग मागच्या खोलीत टेबलाशी जाऊन बसला आणि वाट बघू लागला. आपण स्वतःचीच वाट बघतोय, हे त्याला जरा चमत्कारिक वाटलं. आधी काहीच नाही. कानांच्या मागे जरा ऊब. मग टेबलाची कड बघताना ती पूर्वीपेक्षा मवाळ झाल्यासारखी वाटली, आणि खिडकीतलं ऊन, कॅलेंडर, भिंतीवरचा जुना डाग, या सगळ्यांबद्दल त्याला एकाएकी माया आली. यंत्रात फुंकलं: टीं. त्याने कागद पुढे ओढला, पेन्सिल घेतली आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत एक रेघ ओढली. हात बाबांसारखाच धरला होता, करंगळी टेकवून. रेघ निघाली सरळ, मध्यावर तिला कुणीतरी हाक मारल्यासारखी ती वर वळली, मग भान येऊन खाली आली. पट्टी लावायची गरजच नव्हती. आणि मग त्याच्या मनात आलं: बाबांना हे कसं वाटत असेल? दुपारचे चार, समोर शहराचे नळ, हातातला पेन भलतीकडे जातोय आणि का ते माहीत नाही. त्याला निदान शब्द ठाऊक होता, कारण ठाऊक होतं, सोमवारच्या गोळ्या ठाऊक होत्या. बाबांच्या हाताशी सगळ्या जगाने एकच शब्द ठेवला होता. ते घाबरत असतील. किंवा त्यांना असंही वाटायला लागलं असेल की आपण खरोखरच कुठे तरी जातो, पितो, आणि जाऊन आल्याचं विसरतो. डेपोमागच्या गुत्त्यासमोरून जाताना थांबून आत डोकावले असतील का, आपल्याला इथे कुणी ओळखतं का ते बघायला? कुतूहलाला इतकं खोल तळघर असेल याची केमिस्टला कल्पना नव्हती.

"काय करतोस रे एकटा?" आई दारात उभी होती. शेंगांची परडी कमरेवर. तिने खोलीत एक पाऊल टाकलं आणि थबकली. नाक किंचित वर झालं. त्याने ते लहानपणापासून पाहिलं होतं, पण समोरून कधी पाहिलं नव्हतं. समोरून ते बाबांनी पाहिलं होतं. तिने परडी टेबलावर ठेवली, त्या रेघेवरच.

"हा कर."

"आई..."

"हा कर म्हणते ना."

त्याने हा केला. तिने वास घेतला आणि मान मागे खेचली. तिचा चेहरा काही क्षणांत इतका म्हातारा झाला की त्याला बघवेना. "तूही?" ती म्हणाली. "ह्या वयात? घेतलीस?" आणि तेव्हा, ती उत्तराची वाट बघत उभी असताना, त्याला उत्तर सापडलं, पण ते त्याच्या प्रश्नाचं होतं, तिच्या नव्हे. एक 'हो' म्हटलं की झालं. हो म्हटलं की ती रडेल, मग सावरेल, मग पाणी तापवेल. तिला माफ करता येतं, त्यात तिचा हातखंडा आहे. तिला जे जमत नाही ते हे, असं समोर उभं राहून काहीच न कळणं. बाबा वर्षानुवर्षं नाही म्हणाले आणि वर्षानुवर्षं तिचा हा चेहरा बघत राहिले, आणि एक दिवस दमून, किंवा दया येऊन, किंवा नुसते गरम पाण्यासाठी, म्हणाले, हो. त्याच्या जिभेवर तो 'हो' अगदी तयार होता, गोड होता. डोकं मवाळ होतं, म्हणणं सोपं होतं.

"नाही," तो म्हणाला. "थेंबाला शिवलो नाही, आई."

ती दचकली. ते वाक्य कुणाचं हे तिला सांगावं लागलं नाही. त्याने तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं, गेटपासून. पाव कसा फुगतो ते तुला माहीत आहे, तेच पोटात होतं. दाढेची औषधं, टाकीची औषधं, डॉक्टरीणबाईची साखर. ती म्हणाली, "बाहेर गेला नव्हतास?"

"सकाळपासून दाराशी कोण बसलंय?"

तिने विचार केला. "मीच." मग ती उठली. तो हाक मारणार होता, पण थांबला. पलीकडून संडासाच्या टाकीचं झाकण उचलल्याचा आवाज आला, ठेवल्याचा आला. मग चपलांच्या कपाटाचं दार. ती एकेक बूट हातात घेऊन उलटा करत असणार. बराच वेळ गेला. ती परत आली तेव्हा तिच्या हाताला धूळ लागली होती. ती झटकत ती पुन्हा खुर्चीवर बसली.

"म्हणजे ह्यांनाही हेच."

"नक्की नाही सांगता येत आई. आता तपासायला काही उरलं नाही. पायाची इंजेक्शनं, नंतर सुरू झालेलं सगळं, जुळतं खरं, पण..."

"तुला नसेल सांगता येत," आई म्हणाली. तिने परडीतली एक शेंग उचलली, फोडली, आणि दाणे तसेच तळहातावर धरून बसली. "तो गुत्तेवाला खरं बोलत होता. चांगला माणूस होता बिचारा. त्याने मला बसायला स्टूल दिलं होतं." तिचा आवाज शांत होता, आणि मग एकदम राहिला नाही. "प्यायल्याचं मी त्यांना केव्हाच माफ केलं होतं. रोज करत होते, उरलंच नव्हतं काही. पण प्यालो प्यालो म्हणून रोज माझ्या तोंडावर खोटं बोलले, त्याचं काय करू? आणि मी पाणी तापवत बसले. सांगायचं तरी, की बाई, मी नाही पीत, तू घे वास नि मर. भांडायचं! भांडले का नाहीत माझ्याशी?" ती रडत होती, आणि हे रडणं त्याने पूर्वी ऐकलेल्या कुठल्याच रडण्यासारखं नव्हतं. आपण सांगितलं ते बरं केलं की वाईट, हे त्याला कळेना. फक्त बाबांची बाजू कुणीतरी एकदा या खोलीत मोठ्याने मांडली होती, आणि ती ऐकून घेतली गेली होती. बाहेर कुणाची तरी सायकल गेली. आईने पदराने नाक पुसलं.

"औषध कधीपासून?"

"उद्यापासून."

"मग हा वास?"

"जाईल. आठवडाभरात."

तिने तळहातावरचे दाणे परडीत टाकले, खुर्ची त्याच्या जवळ ओढली आणि म्हणाली, "हा कर."

त्याने तोंड उघडलं. ती पुढे वाकली, इतकी की तिच्या चष्म्याची काडी त्याच्या गालाला लागली. तिने श्वास घेतला. मान मागे खेचली नाही. तिचे डोळे मिटलेले होते. तो लहान मुलासारखा आ वासून बसून राहिला. जबडा दुखायला लागला तेव्हा त्याने तोंड मिटायला घेतलं.

"थांब," आई म्हणाली. "मिटू नकोस एवढ्यात."